आर्थर रसेलचा चेलो: ऐकायचा कुठून, आणि तो एको घरी कसा बसवायचा?

मंद्र_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. अमेरिकन चेलोवादक-गायक आर्थर रसेलचं 'वर्ल्ड ऑफ एको' ऐकून राहिलो आहे. रेकॉर्ड १९८६ ची, आणि आपल्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. एक माणूस, एक चेलो, गळा आणि एको, बस. दोन प्रश्न आहेत.

पहिला: पुढे काय ऐकायचं? नाव टाकून शोधलं की कुठे डिस्को निघतं, कुठे गिटार घेऊन गायलेली साधी गाणी, कुठे वाद्यवृंद. एकाच माणसाचं आहे यावर विश्वास बसत नाही.

दुसरा: तसा आवाज घरी काढायचा आहे. हाताशी पूर्ण मापाचा विद्यार्थी दर्जाचा चेलो, लॅपटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस आणि ब्रिजजवळ (तारा पेलणारी लाकडी घोडी) चिकटवलेली २७ मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे कंपनांची वीज करणारा पिकअप. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो, एको लावला की चार स्वरांत सगळा चिखल होतो, आणि मागे सतत 'हूं' चालू असतं. उन्हाळा तोंडावर आहे, खुंट्या आत्ताच सुटायला लागल्या आहेत. कुठून सुरुवात करू?

रीळ_४५
ऐकण्याचं मी सांगतो, वायरींचं दुसरे सांगतील.

गोंधळ होतो कारण त्याचं काम त्याच्या नावावर नाहीच. १९७८ चं 'किस मी अगेन' डायनासोर या नावाने, १९८० चं 'इज इट ऑल ओव्हर माय फेस' लूज जॉइंट्स या नावाने, 'गो बँग' डायनासोर एल या नावाने. 'ट्री हाउस'ची नाचाची आवृत्ती इंडियन ओशन या नावाने निघाली. ती शोधायला जाल तर दिल्लीचा बँड समोर येईल, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणून नावाने न शोधता गाण्याने शोधा. आर्थर रसेल एवढंच टाकलं की निम्मा माणूस गाळला जातो, आणि इतकी वर्षं तो नजरेआड राहण्यामागे हेही एक कारण आहेच. १९९२ मध्ये चाळिशीत एड्सने गेला तेव्हा स्वतःच्या नावाचे पूर्ण अल्बम दोन-तीनच होते. बाकी सगळं टेपांवर, आणि त्या हजाराच्या घरात.

पुढचा क्रम असा ठेवा. 'वर्ल्ड ऑफ एको'वर 'लेट्स गो स्विमिंग' आहे, फक्त चेलो आणि गळा. त्याच गाण्याची डिस्कोवाल्या वॉल्टर गिबन्सने मिक्स केलेली बारा इंची तबकडी आहे, ती लगेच पाठोपाठ ऐका. मग 'ट्री हाउस'च्या दोन्ही आवृत्त्या तशाच. या दोन जोड्यांत अख्खा माणूस कळतो: डिस्कोत जे काम ड्रम करतो ते इकडे गज आणि एको मिळून करतात. ठेका गेलेला नाही, फक्त ठोकणारा गेलाय.

त्यानंतर १९९४ चं 'अनदर थॉट' घ्या. तो गेल्यावर आलेलं पहिलं संकलन, संगीतकार फिलिप ग्लासच्या पॉइंट म्युझिक लेबलने काढलेलं, आणि चेलो-गळ्याच्या बाजूने सगळ्यात सोपं. मग २००४ चं 'कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट', तिथे ड्रम मशीन आहे. त्याच वर्षी सोल जॅझ लेबलचं डिस्को संकलनही आलं, आणि नंतरच्या पिढीच्या कानावर तो पडला तो या दोघांमुळे. गिटारवरची गाणी २००८ च्या 'लव्ह इज ओव्हरटेकिंग मी'मध्ये आहेत, ती शेवटी ठेवा. 'टॉवर ऑफ मीनिंग' (१९८३) हे वाद्यवृंदाचं, ज्युलियस ईस्टमनने संचालन केलेलं, मूळ प्रती फक्त ३२० निघाल्या. संथ आहे, पहिल्या बैठकीत कंटाळा येईल, येऊ द्या. 'वर्ल्ड ऑफ एको' आवडलंच असेल तर २०२३ चं 'पिक्चर ऑफ बनी रॅबिट' सोडू नका, त्याच काळातलं, त्याच घरचं.

एक सूचना. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. चेलोची खालची मोकळी तार ६५ हर्ट्झची, फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. मग उरतो तो नुसता गजाचा खरखराट, आणि लोक म्हणतात याला वाजवता येत नाही. वायरचा साधा हेडफोन, बास बूस्ट बंद.

सोल्डर_बर्डी
पत्र्याचा डबा: यात चेलोचा दोष नाही, पिझोचा पण नाही. चकती चुकीच्या भोकात गेली आहे.

पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडची धरा. ती १० किलोओमच्या लाइन इनपुटात लावली की सुमारे ८०० हर्ट्झखालचं सगळं गळायला लागतं. चेलोच्या चारही मोकळ्या तारा ६५ ते २२० हर्ट्झमध्ये बसतात, म्हणजे वाद्याचा मूळ आवाजच गेला. खालच्या तारेवर २० डीबीहून (डेसिबलहून) जास्त घट येते. तीच चकती १ मेगाओमच्या इनपुटात लावली तर ही सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि विषय संपतो. तुमच्या इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं बटण असेल, ते दाबा. बहुतेकांचं १ मेगाओमच्या आसपास असतं. ब्रिजच्या फटीत बसणारे छोटे पिकअप १ नॅनोफॅरडच्या आसपास असू शकतात, त्यांना तेवढंही पुरत नाही, १० मेगाओम लागतात.

बटण नसेल तर बफर बांधा, म्हणजे चकती आणि इंटरफेसच्या मध्ये बसणारं छोटं सर्किट. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं सुटं मिळतं: टीएल०७२ आयसी, आठ पायांचा सॉकेट, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, १०० किलोओमचे दोन रेझिस्टर, ४.७ मेगाओमचा एक, १ किलोओमचा एक, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १ मायक्रोफॅरडचा एक, २२ नॅनोफॅरडचा एक, छोटी पत्र्याची डबी. १०० किलोओमच्या जोडीने बॅटरीचे दोन भाग करून मधला साडेचार व्होल्ट काढा आणि त्या बिंदूला १० मायक्रोफॅरड जमिनीकडे (ग्राउंडला) लावा. मधल्या बिंदूपासून ४.७ मेगाओम आयसीच्या अधिक इनपुटाला. चकती २२ नॅनोमधून त्याच पायाला. आउटपुट वजा इनपुटाला सरळ जोडा. बाहेर जाताना १ किलोओम आणि १ मायक्रोफॅरड. आवाज वाढणार नाही, वाढवायचाही नाही, फक्त इनपुटचा भार कमी करायचाय. आयसीचा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका, त्याचं अधिक इनपुट मधल्या बिंदूला आणि आउटपुट त्याच्याच वजाला जोडा, नाहीतर तो स्वतःच कुजबुजतो.

दोन गोष्टी सगळे चुकवतात. चकतीची पितळी बाजू केबलच्या जाळीला, म्हणजे जमिनीला जायला हवी. मधली पांढरी बाजू सिग्नल. उलटं जोडलं तर पितळाची ती अख्खी थाळी अँटेना होते. आणि चकतीपासून बफरपर्यंतची वायर हातभरापेक्षा लांब नको.

चिकटवायला फेव्हिक्विक नको रे बाप्पा, वार्निश घेऊन निघेल. पोस्टर चिकटवायची पुट्टी घ्या, मुगाच्या डाळीएवढी, ती पण दाबून पातळ केलेली. पुट्टीचा थर जाड झाला की वरचे स्वर दबतात. जागा ब्रिजवरच: जाड तारांच्या पायाकडे सरकवली की आवाज भरीव, पातळ तारांकडे सरकवली की गज जास्त ऐकू येतो. पोटावर लावाल तर खोलीतला पंखासुद्धा रेकॉर्ड होईल.

खर्जतार
चिखलाचं कारण पुष्कळदा सेटिंगमध्ये नसतं, राग-स्वर निवडीत असतं. पण आधी सेटिंग. हे आकडे रेकॉर्डवरचे नव्हेत, सुरुवातीला कान बसवायचे आहेत.

एको दोन ठेवा, एकामागे एक नाही, शेजारी-शेजारी. पहिला ११० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती, मूळ आवाजाहून ६ डीबी खाली. याने गजाचा ठोका दुहेरी होतो. दुसरा ४०० ते ५०० मिलिसेकंद, फीडबॅक (एकोचा जो भाग पुन्हा एकोत जातो तो) ४० टक्के. ४० टक्के म्हणजे प्रत्येक आवर्तनाला आवाज ८ डीबीने खाली, पाच आवर्तनांत ४० डीबी गेला, म्हणजे सव्वादोन सेकंदांत मोकळे. तेच ७० टक्के केलं तर तेरा आवर्तनं, जवळपास सहा सेकंद. सहा सेकंदांत तुम्ही दहा स्वर वाजवता आणि दहाही एकमेकांच्या अंगावर पडतात. तुमचा चिखल बहुतेक हाच.

एकोकडे जाणाऱ्या फांदीवरच १५० हर्ट्झखाली आणि साडेतीन हजारावर काप द्या. मूळ आवाजाला हात लावू नका. खर्ज एकदाच वाजला पाहिजे, पुनरावृत्तीत तो फुगत जातो.

थोडी फाटकी, दाणेदार धार हवी असेल (या रेकॉर्डवर ती आहे) तर डिस्टॉर्शन एकोच्या आधी. नंतर लावलं तर नवा स्वर आणि जुन्याची सावली एकत्र फाटतात, त्यातून तिसरेच बेसूर स्वर निघतात. आणि गळा त्याच दुसऱ्या एकोत पाठवा, वेगळा रिव्हर्ब देऊ नका. दोघं एका खोलीत बसल्यासारखे वाटतात ते तेवढ्यानेच.

वेळ लयीवर बांधायची तर ६०,००० भागिले लय. मिनिटाला ९० मात्रा असतील तर मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ५०० ची. पाऊण मात्रेचा एको आणि सरळ ठेक्याचा गज यातून जो आडवा ठेका उभा राहतो तो डिस्कोवाल्या हाय-हॅटच्या जागी बसतो. मात्र गज आखूड हवा, मुठीजवळचा, आणि दोन आघातांमध्ये जागा सोडायची. ती जागा एको भरतो. सलग मींड काढत बसलात तर एकोला करायला काही उरत नाही.

आता स्वर. रसेल कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँच्या महाविद्यालयात शिकला होता. एका षड्जाभोवती फिरत राहणं परकं वाटत नाही ते त्यामुळे असावं, हे माझं मत. पण आपण लोक काय करतो, हार्मोनियमच्या पांढरी एकचा सा धरतो आणि मालकंस काढतो. मालकंसात पंचम वर्ज्य, आणि चेलोची दुसरी तार (जाड तारेकडून मोजलेली) नेमकी पंचम. तुम्ही तिला शिवलाही नाहीत तरी ती तरफेच्या तारेसारखी घुमते, आणि एको तिला दर आवर्तनात परत आणून बसवतो.

उपाय सोपा आहे. सा पांढरी सहावर घ्या, म्हणजे वरची मोकळी तार, २२० हर्ट्झ. आता चार तारा खालून वर कोमल गंधार, कोमल निषाद, मध्यम, षड्ज होतात. चारही मालकंसातले. दुर्गासाठी सा पांढरी पाचवर घ्या: मध्यम, सा, पंचम, रिषभ. इथेही चारही चालतात.

भूपाला सा पांढरी एक चालतो, पण एक अडचण आहे. चेलो शुद्ध पंचमांनी मिळवला की वरची तार धैवत म्हणून २२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी पडते, तानपुऱ्याच्या शुद्ध धैवतापेक्षा. २२० च्या आसपास हा फरक पावणेतीन हर्ट्झ होतो, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन डोल. धैवत वेगळ्या तारेवर दाबून घ्याल तरी मोकळी तार घुमून डोल येतोच. रियाजापुरती वरची तार तेवढी उतरवून घ्या.

मंद्र_त्रिमूर्तीनगर
'इन्स्ट' बटण होतं, दाबलं, डबा गेला. बफर तरी बांधतोच. पांढरी सहाचा मालकंसही जमला, पण कोमल धैवतावर, म्हणजे पांढरी चारवर, जाड तारांवर चेलो घुरघुरतो. स्वर थरथरून फुटतो, आणि एकोत ते भयंकर ऐकू येतं. चकती सैल असेल का? आणि 'हूं' गेलेलं नाही. दुसऱ्या मोकळ्या तारेसोबत ते डोलतं सुद्धा.

सोल्डर_बर्डी
चकती नाही, वुल्फ आहे. चेलोच्या पेटीचा स्वतःचा एक स्वर असतो, बहुतेकदा पांढरी चार किंवा तिच्या वरच्या काळीच्या आसपास. वाजवलेला स्वर त्याच्यावर पडला की तार आणि लाकूड ऊर्जा एकमेकांकडे ढकलत बसतात, तीच ती घुरघुर. चांगल्या चेलोलाही असतो. ब्रिज आणि टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) मधल्या तारेवर बसणारी पितळी नळी मिळते, आत रबर असतं, वुल्फ एलिमिनेटर म्हणून मागा. ती दुसऱ्या तारेवर बसवा, ब्रिजपासून टेलपीसकडे थोडी थोडी सरकवत वाजवून पाहा. जागा बोटाच्या पेराएवढी चुकली तरी उपयोग होत नाही. नाहीच गेला तर पहिल्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर करून पाहा. तोवर वाजवताना दोन्ही गुडघ्यांनी पेटी किंचित दाबली तरी कमी होतो. वुल्फ पूर्ण मारायच्या मागे लागू नका, आवाजाचा जीवही त्याच्यासोबत जातो.

'हूं'चं उत्तर तुम्हीच लिहिलंय. आपली वीज ५० हर्ट्झ, तिचा दुप्पट १००. तुमची दुसरी तार ९८ ची. फरक दोन, म्हणून सेकंदाला दोनदा डोलतं. १०० वर फिल्टरने काप देऊ नका, तार पण कापली जाईल. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. 'हूं' गेलं तर अर्थिंगचा विषय आहे: दोन पिनचा चार्जर असेल तर तीन पिनचा घ्या आणि बोर्डला अर्थ खरंच आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. चार्जर काढूनही राहिलं तर चकतीच्या पांढऱ्या बाजूवर तांब्याची चिकटपट्टी लावून ती जाळीला जोडा, पांढऱ्या बाजूला खेटून नाही, मध्ये कागद ठेवून. कर्कश 'झर्रर्र' असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, तो पूर्ण वेगावर किंवा बंद.

अजून एक. सॉफ्टवेअरमधल्या एकोने वाजवताना उशीर जाणवत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून फक्त एको बाहेर सोडा, मूळ आवाज नाही. मग जो दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीर आहे तो एकोतच मिसळतो. ५०० ऐवजी ४९० लावायचं, झालं.

धरमपेठी_आजोबा
बाकी सगळं ठीक चाललं आहे, पण बाळा, खुंट्या सुटायला लागल्या म्हणतोस आणि उत्तर कोणीच दिलं नाही.

नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, पावसाळ्यात ८० च्या वर जाते. चेलोला ४० ते ६० मानवते. खरा घात नुसत्या कोरड्या हवेने होत नाही, कूलरने होतो. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की तासाभरात कोरडीठाक. लाकूड दिवसातून दोनदा फुगतं आणि आक्रसतं. वाद्य कूलरच्या झोतात नको, कूलरच्या खोलीतच नको. आतल्या, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या खोलीत, केसमध्ये बंद. केसमध्ये दोनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून काढलेला स्पंज. पिळून म्हणजे थेंब पडता कामा नये. पावसाळा लागला की स्पंज काढून टाकायचा, बहुतेक लोक हेच विसरतात आणि आत बुरशी धरते.

खुंटी सुटते कारण ती आक्रसते. नुसती पिळत बसू नकोस, फिरवताना आत दाबायची. खुंटीची पेस्ट मिळते, नाहीतर खडूची पूड अगदी थोडी. आणि चारही तारा कधीही एकदम सैल करू नकोस, आतला साउंडपोस्ट (वरच्या-खालच्या फळीमधला लाकडी दांडा) नुसत्या दाबावर उभा असतो, तो पडतो. पडलाच तर तारा न ताणता वाद्य दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं. ताण दिलास तर वरची फळी बसते. खुंटीने सूर लावत गेलं की ब्रिजचं डोकं हळूहळू पडदीकडे (बोटं ठेवायच्या पट्टीकडे) झुकतं. दर चार दिवसांनी बाजूने पाहायचं, टेलपीसकडची बाजू पेटीला काटकोनात हवी.

कडेची शिवण उघडली तर घाबरू नकोस. तिथला सरस मुद्दाम कमकुवत ठेवतात, लाकूड तडकण्याआधी जोड सुटावा म्हणून. घरी फेव्हिकॉल मात्र भरू नकोस, पुढच्या वेळी जोडाऐवजी फळी चिरेल.

गज वाजवून झाला की ढिला करायचाच. कोरड्या हवेत केस आखडतात, आवळून ठेवलेला गज मेमध्ये टोकाला मोडू शकतो. गजाच्या केसांना लावायची राळ उन्हाळ्यात फिकी, कडक घ्यायची. काळी मऊ राळ आपल्याकडच्या उकाड्यात चिकट होते आणि आघात घसरल्यासारखा येतो. तुमच्या त्या एकोत हा घसरलेला आघातसुद्धा पाच वेळा ऐकू येईल.

रीळ_४५
आजोबांच्या राळेला जोड: पिझोवर राळेची पूड जमते आणि पुट्टी सुटते. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने ब्रिजच्या पायाशी पुसा. ओलं फडकं नको, स्पिरिट तर अजिबात नको, वार्निश विरघळतं.